गाडीचं तेल कोणाच्या नावावर?

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या गटांच्या सगळ्या तायांना, काकूंना आणि एका हातानं भाकर थापत दुसऱ्या हातानं रेडिओचा आवाज वाढवणाऱ्या सुनांनाही नमस्कार.

आज पापड-मसाल्याचं बोलायचं नाही आणि बँकेच्या कागदांचंही नाही. आज बोलायचं आहे आपल्या दारात उभ्या असलेल्या गाडीविषयी. तिच्या इंजिनातलं तेल कसं पाहायचं, घरच्या घरी कसं बदलायचं आणि निघालेल्या काळ्या तेलाचं काय करायचं, एवढाच आजचा विषय.

काही जणींना हसू आलं असेल. "हे काम आपलं आहे काय वो?" असं आम्हाला बैठकीत विचारलं जातंच. म्हणून हे काम आपलं का, ते आधी बोलू आणि मग पाना हातात घेऊ.

आपल्या गटाची कर्जाची वही उघडून पाहा. पूर्वी त्यात बियाणं, शेळी, दवाखाना, लग्न अशी कारणं असायची. आता त्यांच्या जोडीला गाडीही आली आहे. कोणी दूध घालायला जुनी मोटारसायकल घेतली, कोणी मुलीला कॉलेजात जायला स्कूटर घेतली, कोणी बाजाराच्या गावी माल न्यायला. हप्ता आपण भरतो. बैठकीत परतफेड आपण लिहितो. म्हणजे ती गाडी आपल्या बचतीच्या पैशावर उभी आहे. शेळी घेतली तर तिला चारा-पाणी मिळालं की नाही हे आपण पाहतोच ना? मग गाडीला तेल मिळालं की नाही हे कोण पाहतं?

आमच्या एका गटातल्या ताईंनी कर्ज काढून जुनी मोटारसायकल घेतली होती. सकाळी मालक डेअरीवर दूध घेऊन जायचे, दुपारी मुलगा ती गाडी कॉलेजला न्यायचा आणि संध्याकाळी वावरातून चाऱ्याचा भारा यायचा. गाडीला आराम म्हणून नव्हता. ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत पांदणीतून येताना गाडी अडकत अडकत थांबली आणि मग किकच खाली जाईना. इंजिन जाम झालं होतं. मिस्त्रीनं खोललं तेव्हा आत जेमतेम कपभर तेल निघालं, डांबरासारखं. पिस्टन आणि सिलिंडर घासून गेलं होतं. दुरुस्तीला सहा हजारांच्या वर लागले. गाडी पंधरा दिवस गॅरेजात राहिली, दूध दुसऱ्याच्या गाडीवर भाडं देऊन पाठवावं लागलं आणि गटाचे तीन हप्ते थकले. त्या तीन बैठकांना ताई मान खाली घालून बसल्या.

आता यात चूक कोणाची? घरात विचारलं तेव्हा मालकांना वाटत होतं की पोरगा गॅरेजात जातोच, तो पाहत असेल. पोराला वाटत होतं की गाडी बाबांची आहे, बाबा पाहतात. आणि ताईंना तर वाटतच नव्हतं की आपण पाहायचं असतं. गाडी तिघांची होती, पण तेल कोणाच्याच नावावर नव्हतं. कोणी आळशी नव्हतं, कोणी वाईट नव्हतं. काम सगळ्यांचं म्हणून सोडलं की ते कोणाचंच राहत नाही, हे आपण गटात रोजच पाहतो. म्हणून तर आपण प्रत्येक कामाला एक नाव लावतो. वही एकीकडे, पेटीची किल्ली दुसरीकडे.

त्यानंतर आम्ही ग्रामसंघाच्या बैठकीत एका मिस्त्री भाऊंना बोलावलं. ते आधी जरा लाजले. "बायांना काय शिकवू?" म्हणाले. पण गाडी मधोमध उभी केली, काम दाखवायला लागले, आणि तासाभरात तीन जणींनी आपल्या हातानं तेल बदललं. जळलेली कढई राखेनं घासणाऱ्या बाईला हात काळे होण्याची कसली भीती? तेव्हा जे शिकलो आणि त्यानंतर करत आलो, तेच आज सांगतो.

आधी तेल आत काय करतं ते समजून घेऊ. आपल्या सासू-आजीच्या काळात बंडी जुंपायच्या आधी चाकाला ओंगण घालत. ओंगण नसलं तर चाक करकरायचं, आख झिजायचा आणि बैलाला ओढ जड व्हायची. शिलाई मशीनला आपण तेलाचे थेंब देतो तेही त्याचसाठी. लोखंडावर लोखंड घासू नये, मधे तेलाचा पातळ थर राहावा. गाडीच्या इंजिनात पिस्टन एका मिनिटात हजारो वेळा खाली-वर होतो. तिथे हा थर एक क्षण जरी तुटला, तरी धातू धातूला खातो. शिवाय तेल आतली उष्णता वाहून नेतं आणि जळणातली काजळी, धातूचा कीस आपल्यात धरून ठेवतं. म्हणजे एकच तेल ओंगणही घालतं, गारही करतं आणि झाडूही मारतं. जुन्या काळी तर इंजिनाच्या तेलात आपलं एरंडीचं तेलही मिसळत. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा एरंडीच्या इंग्रजी नावावरून आलं आहे.

काजळी धरून ठेवतं म्हणून तेल काळं होतं. म्हणजे तेल काळं दिसलं की लगेच खराब झालं असं नाही. ते आपलं काम करत आहे. पण काम करता करता ते थकतं, पातळ होतं, त्यात घाण भरते. मग ते बदलावंच लागतं.

आता सगळ्यात सोपी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तेल बदलणं वर्षातून दोन-तीनदा येतं, पण तेल पाहणं दर पंधरा दिवसांनी झालं पाहिजे. त्या ताईंची गाडी तेल बदललं नाही म्हणून जितकी बिघडली, त्याहून जास्त तेल कमी झालं आणि कोणी पाहिलं नाही म्हणून बिघडली. जुनं इंजिन थोडं थोडं तेल जाळत राहतं. सायलेन्सरमधून निळसर पांढरा धूर निघत असेल तर समजायचं की तेल जळतंय.

तेल पाहायचं असं. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर उभी करा. बाजूच्या स्टँडवर गाडी कलते आणि तेल खोटं दिसतं. इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, मग बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, म्हणजे वर गेलेलं तेल खाली उतरतं. इंजिनाच्या बाजूला तेलाचं झाकण असतं, स्प्लेंडरसारख्या गाडीला ते उजव्या अंगाला, ब्रेकच्या पायाकडे असतं. झाकण फिरवून काढलं की त्याला खाली काडी दिसते. मिस्त्री तिला डिपस्टिक म्हणतात. काडी स्वच्छ कापडानं पुसा, पुन्हा आत सोडा आणि बाहेर काढून पाहा. स्प्लेंडर, शाईन अशा गाड्यांना पाहताना झाकण आट्यांत फिरवायचं नाही, नुसतं टेकवायचं. काडीवर खाली आणि वर अशा दोन खुणा असतात. तेल त्या दोन खुणांच्या मधे असलं की ठीक. खालच्या खुणेच्या खाली गेलं असेल तर त्याच जातीचं तेल थोडं थोडं घालून वर आणायचं. वरच्या खुणेच्या वर जाऊ द्यायचं नाही. जास्त तेलही इंजिनाला त्रासच देतं. भाजीत मीठ कमी चालत नाही, तसं जास्तही चालत नाही.

दोन मिनिटांचं काम आहे हे. चहा उकळेपर्यंत होतं.

आता बदलायचं कधी? गाडीसोबत एक पुस्तिका मिळते, ती बहुतेक घरांत पेटीत तळाशी पडलेली असते. ती काढा. बऱ्याच नव्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना ६००० किलोमीटरला तेल बदला आणि मधे पातळी पाहून भर घाला असं लिहिलेलं असतं. पण आपल्याकडचे मिस्त्री ३००० च्या आसपास बदला म्हणतात, आणि त्यालाही कारण आहे. आपली गाडी डांबरी रस्त्यावर एकट्या माणसाला घेऊन जात नाही. ती पांदणीतून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चालते, वर तिघं बसतात, नाहीतर कापसाचं गाठोडं असतं. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो आणि रस्त्याची धूळ सगळीकडे शिरते. अशा कष्टाच्या गाडीचं तेल लवकर थकतं. म्हणून पुस्तिकेतला आकडा ही शेवटची हद्द समजा आणि कष्ट जास्त असतील तर त्याच्या आधी बदला.

हिशेब करून पाहा. रोजचं येणं-जाणं ३० किलोमीटर असेल तर १०० दिवसांत ३००० किलोमीटर होतात. म्हणजे वर्षातून तीनदा, फार तर चारदा. आम्ही गटात असं ठरवलं की कामाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी तेल नवं असलं पाहिजे. पेरणीच्या आधी एकदा, सोयाबीन सोंगणीच्या आधी एकदा, आणि वेचणी संपून हरभरा निघायच्या सुमारास एकदा.

एक सूचना. गाडी नवी असेल आणि तिच्या मोफत सर्व्हिसिंगची कुपनं बाकी असतील, तर ती कामं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवरच करून घ्या आणि पुस्तिकेवर शिक्का मारून घ्या. वॉरंटीच्या काळात घरचा हात लावू नका. पण तिथेही उभं राहून कोणतं तेल घातलं, किती घातलं, ते विचारा. आणि बॅटरीवर चालणारी स्कूटर असेल तर तिला इंजिनच नाही, म्हणून हे तेलही नाही.

आता तेल घ्यायचं कोणतं? मोटारसायकलला मोटारसायकलचंच तेल लागतं, चारचाकीचं चालत नाही. मोटारसायकलची क्लच-प्लेट त्याच तेलात बुडालेली असते. चारचाकीच्या तेलानं ती घसरायला लागते, गाडी ओढत नाही. डब्यावर "फोर-टी" लिहिलेलं असतं. मोटारसायकलसाठी "जासो एमए" किंवा "एमए टू" अशी खूण पाहा. स्कूटरचं तेल वेगळं येतं, त्यावर "एमबी" ही खूण असते. आणि जाडी-पातळपणाचा नंबर असतो, जसं "१० डब्ल्यू ३०". तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत जो नंबर असेल तोच मागायचा. एक डबा साडेतीनशे ते पाचशे रुपयांच्या आत-बाहेर मिळतो. सील पाहा, तारीख पाहा, छापील किंमत पाहा आणि बिल घ्या. फार स्वस्त सांगितलं तर दुकानदाराला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. रिकाम्या डब्यात खोटं तेल भरून विकणारेही असतात. म्हणून आपला डबा रिकामा झाला की तो तसाच भंगारात देऊ नका, सुरीनं एक चीर मारून मगच द्या.

चला, आता बदलूया. सामान जमवा: नवं तेल, मापाचा पाना, जुनं पसरट टोपलं किंवा कापलेला प्लास्टिकचा कॅन, नरसाळं, जुन्या सुती साडीचं फडकं, हातमोजे, आणि नटाखालचा वायसर. वायसर दहा-वीस रुपयांत मिळतो, तो नवा घातला तर गळती होत नाही. स्प्लेंडरसारख्या गाडीचा नट साधारण १७ नंबरच्या पान्यानं खुलतो. पण पाना आधी बसवून पाहा. सैल बसला तर तो चालवू नका, नटाचे कोपरे झिजतात आणि मग तो मिस्त्रीलाही दाद देत नाही. रिंग पाना घेतलेला बरा, तो घसरत नाही.

कामाला बसताना पदर किंवा ओढणी कमरेला खोचा. बांगड्या वर सारा. लहान लेकरांना दूर बसवा. सायलेन्सर तापलेला असतो, त्याला हात लागू देऊ नका.

पहिलं काम. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा, दोन-तीन मिनिटं चालू ठेवा आणि बंद करून पाच मिनिटं थांबा. तेल कोमट झालं की पातळ होऊन पूर्ण उतरतं. पण लांबून आल्या आल्या लगेच नट खोलू नका, तेल अंगावर उडालं तर पोळतं.

दुसरं. इंजिनाच्या खाली चिकटलेली काळी माती फडक्यानं आणि काडीनं खरवडून काढा. आपल्या मातीचा चिखल वाळला की सिमेंटच होतो. ती माती नटाच्या भोकातून आत गेली तर सगळं काम उलटं.

तिसरं. वरचं तेलाचं झाकण सैल करून काढून ठेवा. वरून हवा गेली की खालून तेल नीट येतं. तेलाच्या पिंपाला वर भोक पाडतो, तसंच आहे हे.

चौथं. खाली टोपलं ठेवा आणि इंजिनाच्या बुडाशी असलेला तेलाचा नट खोला. खोलायची दिशा घड्याळाच्या काट्याच्या उलटी. पण आपण बाजूला बसून हात खाली घालतो तेव्हा दिशा उलटी वाटते. म्हणून एकदा वाकून नटाच्या तोंडाकडे सरळ पाहा आणि मग जोर लावा. शेवटचे आटे हातानं फिरवा आणि नट पटकन बाजूला घ्या, नाहीतर तो तेलात पडतो. स्कूटर असेल तर जपून. स्कूटरला मागच्या चाकाजवळ गिअर ऑइलचा वेगळा नट असतो. कोणता कशाचा, हे पहिल्या वेळी मिस्त्रीला विचारून त्यावर रंगाचा ठिपका देऊन ठेवा.

पाचवं. तेलाला दहा-पंधरा मिनिटं निवांत गळू द्या. धार थांबली की चावी बंद ठेवून चार-पाच किक मारा, अडकलेलंही उतरतं. या वेळात निघालेलं तेल पाहा. हे तेल इंजिनाची नाडी आहे. नुसतं काळं असेल तर चिंता नाही. दुधाच्या चहासारखं झालं असेल तर आत पाणी गेलं आहे. बोटांत घेतल्यावर चमकणारे कण दिसले किंवा टोचले तर आत काहीतरी झिजतंय. या दोन्हींपैकी काही दिसलं तर नवं तेल घालून गप्प बसू नका, मिस्त्रीला दाखवा.

सहावं. नट आणि त्याची जागा पुसा, नवा वायसर लावा आणि नट आधी नुसत्या हातानं फिरवून बसवा. तीन-चार आटे हातानं सहज गेले पाहिजेत. अडला तर काढून पुन्हा लावा, पान्यानं रेटू नका. मग पान्यानं घट्ट करा, पण अंगातला सगळा जोर काढू नका. इंजिनाचं बूड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. नट जास्त आवळला की आटे तुटतात आणि पन्नास रुपयांच्या कामाचे हजार होतात.

सातवं. नरसाळ्यानं नवं तेल घाला. स्प्लेंडरसारख्या गाडीत बदलताना साधारण ९०० मिली लागतं, स्कूटरला त्याहून कमी. तुमच्या गाडीचं माप पुस्तिकेत असतं. झाकण लावा, गाडी दोन-तीन मिनिटं चालू ठेवा आणि खाली वाकून नटातून गळत नाही ना ते पाहा. मग बंद करून, थांबून, काडीनं पातळी पाहा. झालं काम.

आणि आठवं, ते आपल्या हातचं आहे. वहीत लिहा: तारीख, गाडीच्या मीटरचा आकडा, तेलाचं नाव आणि पुढच्या वेळचा आकडा. हिशेब लिहायची सवय आपल्याला गटानं लावलीच आहे. गाडीची ओळ त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहा.

आता टोपल्यात राहिलेलं काळं तेल. इथे जरा थांबून ऐका, कारण आपल्याकडे या जळक्या तेलाचे नाना उपयोग चालतात. उधई लागू नये म्हणून लाकडाला लावतात, डास मरावेत म्हणून नालीत ओततात, चूल पेटवायला घेतात, आणि कोणी ढोराच्या जखमेवरही चोपडतात. यातलं काहीही करू नका. या तेलात इंजिनाची काजळी आणि धातूंचा अंश असतो. ते कातडीला पुन्हा पुन्हा लागत राहिलं तर पुरळ येतात, आणि वर्षानुवर्षं लागत राहिलं तर कातडीच्या कॅन्सरचा धोका असतो. चुलीत जाळलं तर तो विषारी धूर आपल्या आणि लेकरांच्याच छातीत जातो. ढोराची जखम गुरांच्या डॉक्टरांना दाखवा. म्हणूनच तेल बदलताना हातमोजे घाला, आणि हात पेट्रोलनं नाही, साबणानं धुवा.

आणि नालीत, धुऱ्यावर, विहिरीजवळ तर हे तेल अजिबात ओतू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा एक हिशेब आहे. एका मोटारीतून एका वेळी निघालेलं तेल दहा लाख गॅलन, म्हणजे जवळपास ३८ लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं. मोटारीत चार-पाच लिटर तेल असतं, आपल्या दुचाकीत एक लिटरच्या आत. तरी आकडा केवढा होतो पाहा. आणि आपण कुठे राहतो? पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांना जमिनीत पाणी असूनही ते पिता येत नाही, म्हणून वान धरणातून ८४ खेडी योजनेचं पाणी आणावं लागलं. दर्यापूर-अंजनगावच्या बायांना गोड्या पाण्याच्या हंड्याची किंमत आम्ही सांगायची गरज नाही. जिथे पाणी आधीच खारं आहे, तिथे उरलेल्या गोड्या पाण्यात आपल्या हातानं तेल घालायचं का? खराटा घेऊन गावं झाडणाऱ्या गाडगेबाबांचा हा मुलूख आहे. आपलं काम झाल्यावर मागची घाणही आपणच आवरायची.

मग करायचं काय? थंड झालेलं तेल नरसाळ्यानं घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा. त्यात पाणी, पेट्रोल, ब्रेकचं तेल काही मिसळू नका. कॅनवर "जळकं तेल" असं मोठ्या अक्षरात लिहा आणि लेकरांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. मग गाडीच्या सर्व्हिस सेंटरवर किंवा जिथून जळकं तेल परवानाधारक कारखान्याकडे जातं अशा गॅरेजवर पोचतं करा. तिथे ते शुद्ध करून पुन्हा वापरात येतं. सरकारच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे जळकं तेल हा घातक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरही ते गोळा करून पुन्हा वापरात आणायची जबाबदारी टाकली आहे. आमच्याकडे आता गटातल्या घरांचं तेल एका कॅनमध्ये जमा होतं आणि तालुक्याला जाणारी कोणीतरी ते पोचवते. एक लक्षात ठेवा, त्याचा धंदा करायचा नाही. त्याला परवाना लागतो. आपण फक्त आपल्या घरचं पोचतं करायचं.

बैठकीत एका काकूंनी आम्हाला खडसावून विचारलं होतं. "पोरी, बाईच्या डोक्यावर कामं कमी आहेत काय? पाणी भरायचं, वावरात जायचं, स्वयंपाक करायचा, आता गाडीचं तेलही बाईनंच बदलायचं?" काकूंचं म्हणणं खोटं नाही. म्हणून नीट सांगतो. आम्ही असं म्हणत नाही की घरातल्या पुरुषांनी हात झटकावेत आणि हे कामही बाईवर टाकावं. पाना कोणी धरायचा हे घरानं ठरवावं. मुलगा असेल तर त्याला शिकवा, मुलगी असेल तर तिलाही शिकवा. पण काय करायचं असतं, कधी करायचं असतं, आणि झालं की नाही, हे बाईला माहीत असलंच पाहिजे. कारण हप्ता चुकला तर बैठकीत मान तिची खाली जाते.

आणि खरं सांगायचं तर घरी तेल बदलल्यानं मजुरीचे पन्नास-शंभर रुपयेच वाचतात. त्या पैशासाठी हे शिकायचं नाही. तेल खरंच बदललं, खरं बदललं आणि वेळेवर बदललं, ही खात्री आपल्याला होते, त्यासाठी शिकायचं. तालुक्याच्या गॅरेजवर वीस किलोमीटर जायला वेळ नाही म्हणून आता काम टळत नाही. आणि मिस्त्रीशी बोलतानाही फरक पडतो. "तुमाले काय समजते त्याच्यातलं" असं म्हणणारे भाऊ, काडीवरची खूण दाखवली की नीट बोलायला लागतात. त्या ताई आता स्वतः पाना धरत नाहीत, त्यांचा मुलगा धरतो. पण दर पंधरा दिवसांनी काडी त्याच पाहतात आणि वहीत लिहितात. गाडी चालू आहे, दूध वेळेवर जातं आणि थकलेले हप्तेही फिटले.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. गटात कोणाकोणाकडे गाडी आहे ते विचारा, आणि प्रत्येक घरात तेल पाहणाऱ्या माणसाचं नाव गाडीच्या पानावर लिहून घ्या. बाईचं असो, पुरुषाचं असो, पोराचं असो, पण एक नाव असू द्या. ज्या घरी गाडीच्या पुस्तिकेतले आकडे वाचता येत नसतील, तिथे गटातली शिकलेली पोरगी पाठवा. आणि जमलं तर गावातल्या मिस्त्री भाऊंना तासभर बोलावून घ्या. बहुतेक जण येतात, आणि आनंदानं शिकवतात.

ट्रॅक्टरचं तेल, त्याचा फिल्टर, हा मोठा विषय आहे, तो आज घेतला नाही. त्यासाठी वेगळा दिवस ठेवू. तोवर काडी पुसून पाहत राहा. नमस्कार.